शंभर दिवसांचं लग्न आणि आठशे वर्षांचा वाद: ली छिंगझाओ नावाची कवयित्री

2018 साली चीनमध्ये एक ऐतिहासिक मालिका तुफान चालली. तिचं लांबलचक नाव एका जुन्या पदातून उचललेलं होतं. ते पद लिहिणारी बाई नऊशे वर्षांपूर्वीची. नाव ली छिंगझाओ. चिनी शाळांमध्ये तिची पदं पाठ करून घेतात. तिच्या नावाची स्मारकं आहेत. बुध ग्रहावरच्या एका विवरालाही 1976 साली तिचं नाव दिलं गेलं (त्याच ग्रहावर एक विवर कालिदासाच्या नावाचंही आहे).

एवढं वाचून वाटेल की बाई पहिल्यापासूनच सगळ्यांच्या लाडक्या असणार. तसं अजिबात नाही. ती जिवंत असतानाच तिला निर्लज्ज म्हटलं गेलं. पुढे काही शतकांनी त्याच बाईला आदर्श पत्नी बनवलं गेलं. आणि ती आदर्श ठरावी म्हणून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पत्र चक्क बनावट ठरवलं गेलं.

सगळा वाद एका प्रश्नावर अडला होता. तिनं दुसरं लग्न केलं होतं का?

आधी ती कोण होती ते बघू

ली छिंगझाओचा जन्म 1084 चा, आजच्या शांडोंग प्रांतातल्या जिनान भागातला. त्या वेळी चीनवर सुंग घराण्याचं राज्य होतं आणि राजधानी होती कायफंग. वडील ली गफेई हे विद्वान सरकारी अधिकारी. सू शी या त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या कवीच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. घरात पुस्तकं होती, वडिलांनी मुलीला शिकू दिलं. तरुण वयातच तिनं एका नामवंत कवीच्या राजकीय कवितेला उत्तर देणाऱ्या कविता लिहिल्या. त्या काळी मुलीनं राज्यकारभारावर बोलणं म्हणजे भलतंच धाडस.

1101 मध्ये तिचं लग्न झाओ मिंगचेंगशी झालं. तो तेव्हा राजधानीतल्या शाही विद्यापीठात शिकत होता. गंमत म्हणजे दोन्ही घरं राजकारणात एकमेकांच्या विरुद्ध बाजूला होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिच्या वडिलांचं नाव सरकारच्या काळ्या यादीत गेलं. इकडे सासरे मात्र चढत चढत मुख्य मंत्रिपदापर्यंत पोचले.

पुढे सासरे वारले, घरावर संकट आलं, आणि नवरा-बायको छिंगझोऊ या गावी जाऊन राहिले. झाओला जुन्या वस्तूंचं वेड होतं. काशाची प्राचीन भांडी, शिलालेखांचे कागदावर घेतलेले ठसे, चित्रं, हस्तलिखितं असं सगळं तो गोळा करायचा. त्यातून 2000 कोरीव लेखांची नोंद असलेला एक मोठा ग्रंथ तयार झाला. रात्री जेवण झालं की दोघं चहा करून बसायची आणि एक खेळ खेळायची: अमुक गोष्ट कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत आहे ते सांगायचं. जो बरोबर तो आधी चहा पिणार. जिंकल्यावर ती इतकी हसायची की चहा अंगावर सांडायचा. हे तिनंच लिहून ठेवलंय.

मग 1127 उजाडलं. उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या जिन राज्यानं कायफंग घेतलं, बादशहालाच कैद करून नेलं. लाखो लोक दक्षिणेकडे पळाले. ली छिंगझाओनं निवडक संग्रहाच्या पंधरा गाड्या भरल्या आणि ती निघाली. मागे राहिलेल्या दहाएक खोल्या भरून वस्तू जळून खाक झाल्या. 1129 मध्ये नवरा आजारी पडून गेला. मूलबाळ नव्हतं. वय पंचेचाळीस, देश युद्धात, सोबत राहिलेला संग्रह, आणि त्यावर नजर ठेवून असलेली माणसं.

लग्न, मारहाण, कोर्ट

1132 मध्ये तिनं झांग रूझोऊ नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याशी लग्न केलं. ती आजारी होती, भाऊ त्याच्या गोड बोलण्याला भुलला, आणि होकार गेला. लग्नानंतर लगेच कळलं की याला बायको नको होती, तिच्याकडचा ऐवज हवा होता. तो मारहाण करू लागला.

आता तिनं काय केलं ते बघा. झांगनं नोकरी मिळवताना सरकारला खोटी माहिती दिली होती. आपण परीक्षेला किती वेळा बसलो तो आकडा त्यानं फुगवला होता. हे तिला कळलं आणि तिनं थेट तक्रार केली. तक्रार खरी निघाली. झांगची नोकरी गेली, त्याला दूर दक्षिणेत हद्दपार केलं. लग्न मोडलं. सगळं मिळून साधारण शंभर दिवस.

पण सुंग कायद्यात एक मेख होती. बायकोनं नवऱ्यावर केलेला आरोप खरा ठरला तरी बायकोला दोन वर्षांची शिक्षा. हे तिला ठाऊक नसेल असं मानणं अवघड आहे. ती तुरुंगात गेली. पहिल्या नवऱ्याच्या नात्यातला छी चोंगली नावाचा एक बडा अधिकारी मध्ये पडला आणि ती नऊ दिवसांत सुटली.

सुटल्यावर तिनं छी चोंगलीला आभाराचं पत्र लिहिलं. लग्न कसं झालं, मार कसा बसला, आता लोक आपल्याला कसे हसतील, सगळं त्यात आहे. पुढचा सगळा वाद याच पत्राभोवती फिरला.

जिवंतपणीच आलेला निकाल

तिच्या काळातल्या लोकांनी तिची प्रतिभा नाकारली नाही, हे आधी सांगायला हवं. 1146 मध्ये एका संपादकानं पदांचा संग्रह काढला, त्यात तिची 23 पदं घेतली. नामांकित तत्त्वज्ञ झू शी यानंही सुंग काळात लिहिता येणाऱ्या बायका दोनच असं सांगताना त्यात तिचं नाव घेतलं. एका पदाच्या सुरुवातीला तिनं सात शब्द दोनदोनदा, असे सलग चौदा वापरलेत. (आपल्या 'हळूहळू', 'थेंबथेंब'सारखं, पण ओळीनं सात वेळा.) त्यावर तर जाणकार फिदा होते.

पण कौतुकाच्या शेपटीला नेहमी काहीतरी बांधलेलं असायचं. वांग झुओ नावाच्या टीकाकारानं 1149 मध्ये लिहिताना आधी तिच्या बुद्धीची वारेमाप स्तुती केली. लगेच पुढे, चांगल्या घरातल्या कुठल्याही लिहित्या बाईनं आजवर इतकी लाज सोडली नव्हती, असा शेरा मारला. दुसरं लग्न, खटला, म्हातारपणी आसरा नसणं हेही त्यानं नोंदवलं. हू झी या दुसऱ्या संकलकानं तिचं ते पत्र लोक हसत हसत वाचतात असं सांगितलं. हे दोघं लिहीत होते तेव्हा ती पासष्टीच्या आसपास होती, हयात होती.

राग फक्त लग्नाचा नव्हता. तिनं एक छोटा निबंधही लिहिला होता. त्यात सू शी, ओयांग शिउ अशा दिग्गजांची पदं गाण्याच्या चालीत नीट बसत नाहीत, असं तिनं बेधडक म्हटलं होतं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या बाईनं उठून सगळ्या थोरांना सुरात नाही म्हणावं तसं. हू झीला ते भलतंच झोंबलं.

इथे थोडं थांबून 'त्सी' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू होते. चिनी कवितेचा जुना, प्रतिष्ठित प्रकार म्हणजे 'शी'. राज्यकारभार, इतिहास, गंभीर विचार यासाठी तो. 'त्सी' मात्र गाण्यासाठी. संगीत नाटकांत जशी आधी चाल ठरलेली असायची आणि त्यावर पद रचलं जायचं, तसंच. ही पदं मेजवान्यांमध्ये गायिका गात. विषय बहुतेक विरह, वाट पाहणं, ओसरणारा वसंत. लिहिणारे पुरुष, पण पदात बोलते ती बाई.

एखाद्या मंत्र्यानं 'प्रियकर आला नाही, रात्र सरत नाही' अशा आशयाचं पद लिहिलं तर त्याला कुणी विचारत नसे की बाबा, तुझा प्रियकर कोण? सगळ्यांना माहीत होतं, ही रीत आहे. पण तेच पद बाईनं लिहिलं की ते लगेच तिची रोजनिशी ठरायचं. पदातली बाई उदास, म्हणजे ली छिंगझाओ उदास. पदातला माणूस दूर, म्हणजे झाओ मिंगचेंग दूर. पुरुषांना जी सोय होती ती तिला कुणी दिली नाही.

म्हातारपणातला एक प्रसंग तर विसरता येत नाही. कवी लू यो यानं सुन घराण्यातल्या एका बाईच्या मृत्यूनंतर तिचा परिचय लिहिला, त्यात तो येतो. ही बाई दहा-बारा वर्षांची असताना ली छिंगझाओनं तिला आपली विद्या शिकवायची तयारी दाखवली होती. पोरीनं नकार दिला. लिहिणं-बिहिणं हे बायकांचं काम नाही, म्हणाली. लू योनं हा किस्सा त्या मुलीच्या कौतुकासाठी सांगितलाय.

पदं हरवली, मग वाढू लागली

तिचे संग्रह सुंग काळात होते, ग्रंथांच्या जुन्या याद्यांमध्ये त्यांची नोंद आहे. पुढे ते हरवले. इतरांच्या संग्रहांत जेवढं आलं तेवढंच उरलं. सतराव्या शतकात माओ जिन या नामांकित प्रकाशकानं तिच्या नावाचं पुस्तक छापलं, त्यात पदं होती फक्त 17. 1881 च्या आवृत्तीत ती झाली 50. विसाव्या शतकातल्या काही संग्रहांत त्याहूनही जास्त.

मेलेल्या कवीची पदं वाढतात कशी? यातली काही जुन्या ग्रंथांतून खरोखरच नव्यानं सापडली. पण मिंग काळात (1368 ते 1644) 'प्रतिभावान सुंदरी' हा प्रकार वाचकांना फार आवडू लागला होता आणि निनावी पदांना एक ओळखीचं नाव हवं होतं. झोपाळ्यावरून उतरलेली मुलगी पाहुणा दिसताच पळते, आणि दाराशी थांबून कच्चं फळ हुंगायच्या बहाण्यानं वळून बघते, असं एक गोड पद आहे. आजही ते 'लहानपणीची ली छिंगझाओ' म्हणून शेअर होतं. पण ते तिच्या नावावर चढलं ते मिंग काळात, आणि इतर जुन्या पुस्तकांत ते दुसऱ्यांच्या नावावर आहे. मला विचाराल तर ते तिचं नसावं. पण इंटरनेटला हे कोण सांगणार!

दंतकथाही अशाच जमल्या. नवऱ्यानं म्हणे तिच्याशी बरोबरी करायला तीन दिवस दार लावून पन्नास पदं लिहिली, त्यात तिचं एक मिसळलं आणि मित्राला दाखवली. मित्राला आवडल्या त्या तीन ओळी नेमक्या तिच्याच. किस्सा छान आहे, पण ज्या पुस्तकात तो येतो ते तिच्यानंतर फार उशिराचं.

अब्रू वाचवण्यासाठी पत्र खोटं

आता येतो छिंग काळ (1644 ते 1912). एकीकडे तिची कीर्ती शिगेला पोचली. वांग शीझेन या शांडोंगच्याच कवीनं जाहीर केलं की नाजूक शैलीत ली छिंगझाओ पहिली आणि दमदार शैलीत शिन छीजी पहिला, आणि दोघंही आमच्या जिनानचे! (गाववाल्याचा अभिमान सगळीकडे सारखाच.) हा शिन छीजी स्वतः तिचा चाहता होता, तिच्या शैलीत लिहितोय असं सांगून त्यानं पद रचलं होतं.

दुसरीकडे विधवेनं पुन्हा लग्न न करणं हा याच काळात सगळ्यात मोठा सद्गुण बनला होता. निष्ठावान विधवांसाठी सरकारमान्य कमानी उभ्या राहात. सुंग काळात पुनर्विवाह कायदेशीर होता, होतही होते. लोकांनी नाकं मुरडली तरी ती अनहोनी गोष्ट नव्हती. छिंग काळातल्या विद्वानांपुढे मात्र पेच पडला. इतकी थोर कवयित्री, आणि दोन लग्नं?

त्यांनी तोडगा काढला: दुसरं लग्न झालंच नाही.

1762 मध्ये लू जिएनझेंग यानं तिच्या नवऱ्याचा तो कोरीव लेखांचा ग्रंथ पुन्हा छापला. प्रस्तावनेत त्याचा मुद्दा साधारण असा: मोठ्या घरची सून, पन्नाशीला आलेली, नवऱ्यावर एवढं प्रेम, ती कशाला असं करेल? पुढे यू झेंगशिए (1775 ते 1840) यानं तिचं सविस्तर चरित्र रचलं आणि निकाल दिला की छी चोंगलीला लिहिलेलं पत्र शत्रूंनी फिरवलेलं आहे. मूळ पत्र वेगळ्याच, देशद्रोहाच्या एका अफवेबद्दल होतं, लग्नाचा भाग मागून घुसडला.

यात एक विचित्र गोष्ट आहे. हाच यू झेंगशिए बायकांच्या बाजूनं लिहिणारा म्हणून ओळखला जातो. विधवेनं लग्न केलं तर तिला दोष देऊ नये असं त्यानं दुसरीकडे लिहिलंय. म्हणजे तत्त्व म्हणून पुनर्विवाह मान्य, पण आमच्या ली छिंगझाओनं केला असं म्हणू नका!

पुरावा मात्र त्यांच्या विरुद्ध होता. सुंग काळातल्या सहा-सात वेगवेगळ्या लेखकांनी हा पुनर्विवाह नोंदवला आहे. ते सगळे तिचे वैरी नव्हते आणि एकमेकांची नक्कलही करत नव्हते. सरकारी कागदांवरून रचलेल्या एका इतिहासात झांग रूझोऊचा खटला आणि हद्दपारी आहे. तरी हा बचाव इतका लोकप्रिय झाला की विसाव्या शतकात कित्येक जण तोच खरा मानून चालले होते.

या बचावानं तिची अब्रू राखली, पण तिच्या हातून काय गेलं तेही बघा. मार खाणाऱ्या बाईनं शिक्षा होणार हे माहीत असून नवऱ्याला कोर्टात खेचलं, जिंकली आणि तुरुंगात गेली. बाराव्या शतकात हे करणारी बाई चरित्रातून गायब. तिच्या जागी खिडकीशी बसून मेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी सोज्वळ विधवा.

आणि तो आदर्श संसार?

त्या सोज्वळ चित्राला आधार होता तिनंच लिहिलेल्या एका गद्य लेखाचा. नवऱ्याच्या ग्रंथाला तिनं पुढे जो शेवट जोडला, त्यातच तो चहाचा खेळ येतो. शतकानुशतकं तो 'सुखी जोडप्याची गोष्ट' म्हणून वाचला गेला. पण नीट वाचलात तर दुसरंही दिसतं. संग्रह वाढत गेला तशी कपाटांना कुलपं लागली. पुस्तक हवं तर तिनं किल्ली मागायची, नोंद करायची. पान मळलं तर तो रागवायचा. ती स्वतः लिहिते की पूर्वीची मोकळीक गेली.

1129 मध्ये तो बादशहाच्या भेटीला निघाला तेव्हा ती नावेत होती. शहरावर संकट आलं तर काय करू, असं तिनं ओरडून विचारलं. त्यानं काठावरून टाकून द्यायच्या वस्तूंचा क्रम सांगितला: आधी सामानसुमान, मग कपडे, मग पुस्तकं आणि चित्रं, मग जुन्या वस्तू. पण पूजेची ती प्राचीन भांडी मात्र स्वतः उचलून ने, जगलीस तरी त्यांच्यासोबत, मेलीस तरी. ही त्यांची जवळपास शेवटची ताटातूट. लगेच काही आठवड्यांत तो गेला. हे वाचून सुखी संसार आठवायचा की अंगावर काटा आणायचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

विसाव्या शतकातली नवी रूपं

साम्राज्य गेलं, नवे विचार आले. बोलीभाषेत साहित्य लिहा म्हणणाऱ्या हू शीला तिची साधी बोलकी भाषा भावली. 1949 नंतर हवा पुन्हा बदलली. उच्चवर्गीय बाईची उसासे टाकणारी पदं म्हणजे जनतेचं साहित्य कसं, असा प्रश्न निघाला. मग उत्तर म्हणून तिच्या देशभक्तीच्या कविता पुढे आणल्या गेल्या. पराभवानंतर नदी ओलांडून पळायला नकार देणाऱ्या एका प्राचीन वीरावर तिची चार ओळींची 'शी' आहे. दक्षिणेत पळालेल्या दरबाराला तो टोमणा होता. 1959 मध्ये जिनानच्या झऱ्यांच्या बागेत तिचं स्मारक झालं.

हा टोमणा नवऱ्यालाही होता असं सोशल मीडियावर हमखास वाचायला मिळतं. नवरा नानजिंगचा अधिकारी असताना 1129 मध्ये बंड झालं आणि तो रात्री दोराच्या आधारानं तटावरून उतरून पळाला, एवढं खरं. कविता त्याच्यावर आहे याला पुरावा नाही.

पुनर्विवाहाचा प्रश्न 1957 मध्ये हुआंग शेंगझांग या अभ्यासकानं पुन्हा उघडला आणि छिंग विद्वानांचे मुद्दे एकेक करून तपासले. पुढची तीसेक वर्षं घमासान झालं. आज बहुतेक अभ्यासक लग्न झालं होतं असंच मानतात. अमेरिकेतले प्राध्यापक रोनाल्ड ईगन यांनी 2013 च्या पुस्तकात आणखी एक पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं, पदांवरून चरित्र बनवायचं आणि मग त्याच चरित्रावरून पदांचा अर्थ लावायचा, हे चक्र आधी थांबवा. तिच्या पदांवर तारखा नाहीत. कुठलं विरहाचं पद खरंच नवऱ्यासाठी आणि कुठलं निव्वळ त्या प्रकारची रीत म्हणून, हे सांगायला आपल्याकडे साधन नाही.

चिनी इंटरनेटवर तर तिचा आणखी एक अवतार सध्या जोरात आहे: पिणारी आणि जुगारी ली छिंगझाओ. दारू तिच्या बऱ्याच पदांत आहे. जुगाराचं म्हणाल तर तिनं 1134 च्या सुमारास घोड्यांच्या सोंगट्यांच्या एका पटखेळावर खरंच पुस्तिका लिहिली. मला खेळांचं वेड आहे आणि मी बहुधा जिंकतेच, असं तिनं त्यात सांगितलंय. निर्वासित होऊन परगावी राहिलेली, घटस्फोटित, पन्नाशीची बाई हे लिहिते! मीम करणाऱ्यांनी निदान ही गोष्ट तरी तिच्याच शब्दांतून उचलली आहे.

वाचायचं असेल तर इंग्रजीत सोय आहे. केनेथ रेक्सरोथ आणि लिंग चुंग यांचे अनुवाद 1979 मध्ये आले, ते कविता म्हणून सुंदर आहेत, पण मूळापासून बरेच मोकळे. ईगन यांचा 2019 चा अनुवाद मूळ चिनी मजकुरासकट इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात पदांसोबत तो निबंध, खेळाची पुस्तिका आणि छी चोंगलीला लिहिलेलं पत्रही आहे. सुरुवात पत्रापासून करा, पदं नंतर.